कोफ्ता फुटू नये म्हणून : भाऊबीजेच्या ताटाच्या नोंदी

रविवार, २८ सप्टेंबर २०२५

साइट बंद. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता, सेंट्रिंग (स्लॅब धरून ठेवणारा फळ्या-टेकूंचा साचा) लावून तयार, आणि त्यावर तळं साचलंय. मालकाला सांगून टाकलं, आता दसऱ्यानंतरच बघू. घरी बसलं की माझे हात शिवशिवतात, म्हणून ही वही काढली. साइटवर रोजची नोंद ठेवायची सवय आहे, तीच इथं चालवतो. काम तेवढं वेगळं.

सकाळी अक्काचा फोन. तिचं गाव निलंगा तालुक्यात, मांजरेच्या काठी. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलंय. रडली वगैरे नाही, अक्का रडत नसते. एवढंच म्हणाली, "औंदा दिवाळीचं काही करत बसू नको बाबा. भाऊबीजेला येते, ओवाळते, नि सांजच्या गाडीनं परत."

भाची आमच्याकडंच असते, अकरावीला, क्लासेससाठी. (लातूरमध्ये दर दोन घरांआड असं एक लेकरू सापडतं.) फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मामा, मम्मीला मलई कोफ्ता लई आवडतो. माझ्या ॲडमिशनच्या दिवशी हॉटेलात खाल्ला होता, अजून गावात सांगते सगळ्यांना."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे अक्काला एखादा पदार्थ आवडतो, हेच मुळात माहीत नव्हतं. तिनं रांधायचं आणि आम्ही ताटावर बसायचं, एवढाच तिचा नि जेवणाचा संबंध आम्ही बघितलेला.

तर काम ठरलं. गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज. अक्का बसून जेवणार, मलई कोफ्ता मी करणार, वाढणारही मीच. मुदत पंचवीस दिवस. पूर्वानुभव : चहा, ऑम्लेट, आणि साइटवरची खिचडी. बायकोनं हे ऐकून फक्त "तेल मोजून घ्या" एवढंच म्हटलं.

दुपारी लगेच पहिली चाचणी. नवरात्र चालू आहे, घरात घट बसलेत, त्यामुळं कांदा-लसूण बंद. कोफ्त्याला तसाही लागत नाही, लागतो तो ग्रेव्हीला, आणि ती पुढची गोष्ट. पाकिटातलं पनीर २०० ग्रॅम, बटाटे तीन, मीठ, मिरची, कोथिंबीर. बटाटे सोलून, चिरून, पाण्यात घालून कुकरला लावले, लवकर व्हावेत म्हणून. सगळं एकत्र मळलं. आत काजूचा तुकडा आणि दोन बेदाणे ठेवून बारा गोळे वळले. दिसायला झकास.

तेल तापलं म्हणून सहा सोडले. अर्ध्या मिनिटात कढईत फेसच फेस. फेस बसला तेव्हा कोफ्ता एकही नव्हता. पांढरा चुरा गरगर फिरत होता आणि मधे बेदाणे फुगून फुगे झाले होते. देवघरातून आईचा आवाज, "काय जळलालंय रे?" मग येऊन कढईत बघितलं आणि म्हणाली, "आधी एक सोडून बघावं की. सहा कशाला टाकलास?"

लाज वाटली ती याची. वीस वर्षं काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे भरून, सात दिवसांचे आणि अठ्ठावीस दिवसांचे तपासल्याशिवाय मी पुढं सरकत नाही, आणि इथं सहाच्या सहा एकदम.

कारण उघड आहे. चिरलेला बटाटा कुकरमध्ये पाणी पितो. पनीरही पाण्यातलंच. गोळा तेलात गेला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट लागते, आणि धरून ठेवणारं काहीच नसलं की ती गोळा फोडून वाट काढते. आमच्या मिस्त्रीच्या भाषेत, माल पातळ झाला.

चुरा गाळून काढला. रात्री भाकरीबरोबर खाल्ला. वाईट नव्हता.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज काही तळलं नाही. किल्लारीच्या भूकंपाला बत्तीस वर्षं झाली. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, या तारखेला ती पहाटे चारच्या आधी आपोआप जागी होते, अजूनही. दिवसभर वरण-भात.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. घट उठले. पुरणपोळी. उद्यापासून कांदा चालू.

शनिवार, ४ ऑक्टोबर

पावसाला उघाड. गंजगोलाईत गेलो. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, आणि दर वेळी मी चुकीच्या रस्त्यानं बाहेर पडतो, लातूरचा असूनही. दुकानात म्हटलं, मक्याचं पीठ द्या. त्यानं दिलं. घरी येऊन उघडलं तर पिवळं. बायको म्हणाली, "हे भाकरीचं. तुम्हाला कॉर्नफ्लॉवर पाहिजे होतं, ते पांढरं असतं."

हा फरक लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाचा तरी फेरा वाचेल. मक्याचं पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला, पिवळसर, रवाळ. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्यातलं नुसतं स्टार्च, चिमटीत धरलं तर करकरतं. कोफ्ता धरून ठेवायला हे दुसरं लागतं. गरम झालं की ते शेजारचं पाणी ओढून घेऊन चिकट होतं, म्हणजे वाफ व्हायच्या आधीच बरंचसं पाणी बांधलं जातं. पिवळ्या पिठानंही थोडं काम होतं, पण खाताना दाताखाली कणी लागते. मी हट्टानं पिवळंच वापरून बघितलं. या खेपेला एकच सोडला. फुटला नाही, पण बाहेरून तडकला, उन्हात वाळलेल्या काळ्या रानासारखा. भाची म्हणाली, ढोकळ्याचा भजा झाला.

संध्याकाळी साइटवर मिस्त्री भेटले. आमचे सेंट्रिंगचे जुने मिस्त्री, त्यांच्या घरी ईदला खिम्याचे कोफ्ते होतात आणि मी बऱ्याचदा जेवलोय. त्यांना सगळी हकिकत सांगितली. आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "साब, कोफ्ता मतलबच कूटना. आप तो खाली दबा रहे."

घरी येऊन भाचीला शोधायला लावलं, तर खरंच. फारसीत कुटणं या अर्थाचा शब्द आहे, त्यावरून कोफ्ता. मुळात कुटलेल्या मांसाचे गोळे, ते इराणाकडून, मोगलांच्या स्वयंपाकघरातून इथवर आले. पनीर-बटाट्याची शाकाहारी आवृत्ती त्या मानानं अलीकडची. आपल्याकडं निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं, त्यामुळं हा शब्द मराठवाड्याला परका नाहीच. फक्त आमच्या गल्लीत पोचला नव्हता.

मिस्त्रींच्या घरी खिमा तारा सुटेपर्यंत कुटतात, मग तो आपला आपण धरून बसतो, पीठ लागतच नाही. पनीरला तारा सुटणार नाहीत, पण मळण्याची गोष्ट लागू पडते. पनीर नुसतं कुस्करायचं नाही. परातीत तळहाताच्या टाचेनं पुढं रेटत, परत गोळा करत, हाताला तुपकटपणा लागेपर्यंत मळायचं. पाचेक मिनिटं लागतात. दाणा उरला की तिथूनच भेग सुरू होते.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काल कोजागिरी. तुळजापूरच्या रस्त्यानं चालत जाणाऱ्यांची गर्दी दोन दिवस चालू होती. गच्चीवर दूध आटवलं, केशर, वेलदोडा, चारोळी. अर्धा लिटर उरलं.

मला वाटलं, आटलेलंच दूध आहे, ग्रेव्हीत घालू. घातलं. टोमॅटो, कांदा, लाल तिखट आणि साखर-केशराचं दूध. वर चारोळी तरंगत होती.

यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. मुलानं तेवढं आवडीनं खाल्लं. त्याला सगळंच आवडतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस पूर्ण कोफ्त्याचा. सकाळी सातला सुरुवात, वजनकाटा घेऊन.

पनीर घरी केलं. दीड लिटर म्हशीचं दूध, उकळी आल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबलो, मग दीड लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू. हिरवट पाणी सुटलं की थांबायचं, पुढं लिंबू घातलं तर पनीर रबरासारखं होतं. फडक्यात बांधून, गार पाण्याखाली धुऊन, पाटाखाली ठेवलं आणि वर वजन म्हणून पाण्याची कळशी. दीड तासानं वजन केलं, तीनशे ग्रॅमला थोडं कमी.

खाली उरलेलं पाणी मी मोरीत ओतायला निघालो तर आईनं पातेलं हातातून काढून घेतलं. त्यात कणीक भिजवली. या घरात पाणी फेकत नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मिरजेहून रेल्वेच्या डब्यांतून लातूरला पाणी येत होतं, आणि आई भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालत होती. औंदा त्याच मांजरेनं अक्काचं रान बुडवलं. असो. पोळ्या मऊ झाल्या, हे खरं.

बटाटे या वेळी सालासकट, अख्खे, कुकरमध्ये डब्यात ठेवून वाफवले. पाण्याला शिवू दिले नाहीत. गरम असतानाच सोलून ताटात उघडे ठेवले, म्हणजे वाफ उडून जाते. पूर्ण गार झाल्यावर किसले. मिक्सरमध्ये घालायचा मोह होतो, घालू नये. बटाट्याचं खळीसारखं चिकट होतं आणि मग कोफ्ता खाताना टाळूला चिकटतो. नवा बटाटा नको, जुना घ्यावा, त्यात पाणी कमी. भाजीवाल्याला नखानं साल खरवडून दाखवायला सांगितलं. निघाली नाही, म्हणजे जुना.

पनीर मळून मऊ केलं, त्यात २०० ग्रॅम बटाट्याचा कीस. मग या मालाचे तीन सारखे भाग केले. पहिल्यात कॉर्नफ्लॉवर अगदी नावाला, एक लहान चमचा. दुसऱ्यात एक मोठा चमचा भरून. तिसऱ्यात दोन मोठे. मीठ मात्र कशातच नाही, ते प्रत्येक भाग वळायला घेताना शेवटी. मीठ आधी घालून माल ठेवून दिला की पाणी सुटतं. हे मला गेल्या खेपेला कळलं नव्हतं, वळता वळता गोळे ओले का होतात तेच समजत नव्हतं.

भागागणिक चार कोफ्ते. आधी एक, मग बाकीचे.

पहिला भाग : चारातले दोन फुटले. दुसरा भाग : चारही शाबूत, बाहेर पातळ खरपूस पापुद्रा, आत मऊ. तिसरा : चारही शाबूत, पण मुलानं एक जमिनीवर टाकून बघितला आणि तो उडाला. (मार मिळाला.)

म्हणजे दुसरा भाग. एका भागात साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम माल होता, त्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर. सगळ्या मालाला तीन. वाढवायचा मोह झाला तरी वाढवायचं नाही. सिमेंट जास्त घातलं म्हणजे काम पक्कं, असं समजणारे मालक मी पाहिलेत, त्यांच्याच भिंतींना केसासारख्या भेगा जातात.

तेलाचंही कळलं. १७० ते १८० अंश म्हणतात, पण माझ्याकडं थर्मामीटर नाही आणि आई भज्यांसाठी वापरते ती रीत पुरते. मालाचा कण सोडला की तो तळाला जाऊन दोन मोजेपर्यंत वर आला पाहिजे. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड, कोफ्ता तेल पिऊन विरघळतो. सोडताक्षणी वरच तांबडा झाला तर फार तापलं. एका वेळी चारच, जास्त टाकले की तेल गार पडतं. आणि पहिलं मिनिट झारा लावायचाच नाही. मी सहा वेळा तरी हात मागं घेतला. ओल्या काँक्रीटवर पाय देऊ नका म्हणून बिगाऱ्यांवर ओरडणारा मी, मलाच तो झारा ठेववत नव्हता.

बायकोनं सुचवलं, अप्पेपात्रात करून बघा. केले. खळग्यात बसल्यामुळं फुटायचा प्रश्नच नाही, तेलही खळग्याला अर्धा चमचा. सेंट्रिंग लावल्यासारखं. पण बूड सपाट होतं आणि सगळीकडून सारखा पापुद्रा येत नाही. रोजच्या जेवणाला उत्तम. भाऊबीजेला नको.

दुपारी अपघात. उरलेले चार कोफ्ते ओट्यावर होते आणि आईनं येसराची आमटी केली होती. (येसर आमच्याकडं घरोघरी असतो, धान्यं-डाळी आणि मसाला भाजून दळलेला, लग्नाच्या पंगतीत आमटीला लागतोच लागतो.) तिनं सहज ते चारही उकळत्या आमटीत सोडले, डाळीचे गोळे सोडतात तसे. दहा मिनिटांनी डाव घालून बघितलं तर काजू सापडले, कोफ्ते नाहीत.

आई खट्टू झाली. "गोळे तर असेच शिजतात की." तिचं बरोबरच आहे, पण ते गोळे कच्चे असतात, भरड वाटलेल्या डाळीचे. उकळीत पडले की डाळ शिजून घट्ट होते, जितकं उकळाल तितकी पक्की. कोफ्त्याचं उलटं. तो तळून आधीच झालेला असतो, वरचा पापुद्रा हाच त्याचा आधार, आणि रस्सा तो आधार भिजवून काढतो. म्हणून हॉटेलात कोफ्ता ताटलीत ठेवून वरून ग्रेव्ही ओततात. मला इतकी वर्षं तो दिखाऊपणा वाटायचा.

आमटी मात्र दाट आणि फक्कड झाली होती. तीन वाट्या प्यालो.

बुधवार, १५ ऑक्टोबर

साइट चालू झाली, त्यामुळं रात्री आठनंतर काम. ग्रेव्ही.

घरची साय जमवली होती, चार दिवसांची. ग्रेव्हीत गुठळ्या नकोत म्हणून मिक्सरमधून फिरवली. दोनदा फिरवून थांबायचं, मी बोलत बोलत बटण दाबून ठेवलं. उघडलं तर लोणी आणि ताक वेगळं. बायकोनं काही न बोलता ते लोणी कढवायला घेतलं. तिच्या न बोलण्याचा एक वेगळा आवाज असतो.

उरलेली साय चमच्यानं फेटली. कढईत टोमॅटोची ग्रेव्ही रटरटत होती, त्यात फ्रिजमधली गार साय घातली आणि डोळ्यांदेखत ती फाटली. टोमॅटोची आंबट, वर उकळी, वर गार दूध. फाटणार नाही तर काय होणार.

दुसऱ्यांदा सगळं परत, रात्री साडेदहाला. हीच रीत आता कायम करतो :

दोन कांदे, चार लालबुंद टोमॅटो, पंचवीस काजू, दोन चमचे मगज बी (खरबुजाच्या सोललेल्या बिया), आल्याचा तुकडा, दोन वेलदोडे. सगळं वाटीभर पाण्यात पंधरा मिनिटं शिजवून, गार करून, गंधासारखं वाटून, गाळणीतून गाळून. कांदा परतायचा नाही, शिजवायचा, म्हणजे ग्रेव्ही काळपटत नाही. मग कढईत तूप, तमालपत्र, काश्मिरी तिखट गॅस अगदी बारीक करून (रंग तुपात उतरतो, पण जळायला दोन सेकंद पुरतात), लगेच वाटण. आणि मग ढवळत राहणं. काजूचं वाटण तळाला धरतं आणि ज्वालामुखीसारखं उडतं, मनगटावर दोन फोड आहेत. कडेनं तूप सुटेपर्यंत, वीस मिनिटं. त्यात ५० ग्रॅम खवा, कुंथलगिरीचा. आमचा वाळूचा ड्रायव्हर त्या बाजूनं येतो, त्यानं आणून दिला. खवा कुस्करून घातला की वेगळी साखर फार लागत नाही. गरम पाणी, मीठ, गरम मसाला चिमूटभर. गॅस बंद. दोन मिनिटं थांबून, बाहेर ठेवलेली, गार नसलेली साय, आधी वाटीत थोड्या ग्रेव्हीशी कालवून मग कढईत. कसुरी मेथी तव्यावर गरम करून हातावर चोळून.

फाटली नाही. रात्री बाराला उभ्यानं चाटून बघितली. भाची अभ्यासाला जागी होती, तिला एक चमचा दिला. ती म्हणाली, "हॉटेलसारखी लागायलीय." मग थोडं थांबून, "म्हणजे बाबांना गोड लागेल."

दाजींचा मी विचारच केला नव्हता. दाजी काळ्या तिखटावर वाढलेला माणूस.

रविवार, १९ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात मला प्रवेश नाही. चकल्या, करंज्या, शंकरपाळे. बायको आणि आई दोघी ओट्यापाशी, मी दारातून परवानगी मागतो. गेल्या तीन आठवड्यांचा तेलाचा हिशेब मला वाचून दाखवण्यात आला. तो इथं लिहीत नाही.

फायदा एवढाच झाला की चकलीचं पीठ मळताना आईचा हात बघायला मिळाला. चकली तुटली की ती पाण्याचा हबका मारते, विरघळली की पीठ वाढवते, आणि हे सगळं गप्पा मारत. वजनकाटा नाही, वही नाही. मी विचारलं, कळतं कसं? म्हणाली, "किती वर्षं फुटलेल्या खाल्ल्यात, ते तुला काय ठाऊक."

अक्काला फोन केला. गावात पंचनामे झालेत, पैसे कुणाचे आलेत कुणाचे नाहीत. जे थोडं सोयाबीन वाचलं ते काळं पडलंय, अडत्यानं हातात घेऊन परत ठेवलं. भाऊबीजेला सगळेच या म्हटलं, दाजींनाही. "बघते" म्हणाली. अक्काचं "बघते" म्हणजे येणार.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. सकाळी बायकोनं ओवाळलं, मी साडी दिली, तिनं विचारलं, "कोफ्त्याच्या नुकसानभरपाईची का?"

संध्याकाळी तयारी. पनीर केलं, दाबून ठेवलं. बटाटे वाफवून, गार करून फ्रिजमध्ये. ग्रेव्ही साय घालायच्या आधीच्या पायरीपर्यंत करून ठेवली, ही एक दिवस मुरली की चांगलीच होते. काजूचे तुकडे, बेदाणे, वेलदोड्याची पूड एका वाटीत. बेदाणे मालाच्या आत पूर्ण बुजले पाहिजेत, एक जरी बाहेर डोकावला तरी तो तेलात फुगतो आणि तिथूनच गोळा उकलतो.

गोळे आज वळू की उद्या, यावर बराच विचार केला. आज वळून ठेवले तर मीठ घालावं लागेल, रात्रभर पाणी सुटेल. उद्याच. पहाटे पाचचा गजर.

दाजींसाठी आईला येसराची आमटी करायला सांगितलीय. साधी. तिनं स्वतःच सांगितलं, "त्यात काही सोडत नाही."

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

पहाटे गोळे वळले. एकोणीस झाले. फ्रिजमध्ये अर्धा तास, वरून कॉर्नफ्लॉवरमध्ये हलकेच घोळवून, जास्तीचं झटकून.

अक्का नि दाजी साडेदहाला आले. तिच्या पिशवीत तरीही एक डबा होताच, लाडूचा. काही करू नको म्हणणारी ही. ओवाळणं झालं. अक्कानं नेहमीसारखा पदर खोचला आणि ओट्याकडं निघाली, तिला भाचीनं आणि बायकोनं दोन्हीकडून धरून पाटावर बसवलं. ती बसली, पण कशी, एसटीत जागा धरून बसतात तशी, कुठल्याही क्षणी उठायच्या बेतानं.

तेल तापलं. एक सोडला. एक, दोन, वर आला. गोल फिरला. राहिला.

मग चार-चार. एकोणिसातला एक फुटला, तोही मी झारा लवकर लावला म्हणून. आईनं लांबून बघितलं आणि काही बोलली नाही, तेच प्रमाणपत्र.

ताट : मलई कोफ्ता, येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, पोळी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, भात, अक्काचेच लाडू. वर कोथिंबीर, आपल्या लातूरची कास्ती, हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. जुडी पिशवीतून काढली तरी घरभर वास जातो. अक्काच्या ताटात तीन कोफ्ते ठेवले, वरून गरम ग्रेव्ही, साईची एक रेघ. गोल, शाबूत, बदामी रंगाचे. मी डाव हातात घेऊन उभा.

अक्कानं ताटाकडं बघितलं. मग भाकरीचा चतकोर घेतला, बारीक चुरला, त्यावर तिन्ही कोफ्ते ठेवले आणि बोटांनी पार कुस्करून टाकले. ग्रेव्ही ओतली, कालवलं, वरून आमटीचा एक पळा घेतला आणि परत कालवलं.

भाची ओरडली, "मम्मी! मामानं महिनाभर ते फुटू नयेत म्हणून..."

अक्का घास तोंडात घेऊन थांबली. माझ्याकडं बघितलं. "मग? चावायचे नसतात का?"

आई एवढी हसली की तिला ठसका लागला. अक्कानं दुसऱ्यांदा घेतलं, आणखी दोन, तेही कुस्करले. दाजींनी एक कोफ्ता खाल्ला, "चांगलाय" म्हणाले, आणि आमटी-भाकरीकडं वळले. मागून त्यांनी ठेचा मागितला. आमटी-कोफ्ता एकत्र कालवून मीही बघितलं. गोडावर येसराचा खमंगपणा बसतो, काश्मिरी तिखटाला जे जमत नव्हतं ते होतं. पुढच्या वेळी ग्रेव्हीतच चमचाभर येसर घालून बघायचाय.

जेवून अक्का उठली नाही. भिंतीला टेकून बसली आणि तशीच अर्धा तास झोपली. आम्ही सगळे हळू आवाजात बोलत होतो. अक्काला दुपारी झोपलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

निघताना म्हणाली, लिहून दे. मी साइटच्या मोजमापाच्या कागदामागं सगळं लिहून दिलं, वजनासकट. तिनं घडी करून बटव्यात ठेवलं आणि म्हणाली, "वजनकाटा कुठून आणू? चमच्यात सांग." परत चमच्यात लिहिलं.

शिल्लक : एकोणिसातले पाच कोफ्ते, कोरडे, स्टीलच्या डब्यात. ग्रेव्ही वेगळी, बरणीत, झाकणाला फडकं बांधून. डब्यावर भाचीनं कागद चिकटवला : आमटीत उकळू नये. गाडी साडेपाचची मिळाली.